मधुचंद्र आणि समुद्रातली पहिली बुडी

लग्नसराई आटोपली की आपल्या नगरकडची नवी जोडपी समुद्राकडे निघतात. अंदमानचं स्वराजद्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, खिशाला जड वाटलं तर आपलं मालवण-तारकर्ली आहेच. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्रही आहे. पहिल्या बुडीत प्रशिक्षक सोबत असतो. पोहता आलंच पाहिजे असं नाही. विहिरीत सूर मारणाऱ्यांनी मात्र इथं शहाणपण दाखवू नये! श्वास तोंडानं, सावकाश घ्यायचा. रोखून कधीच धरायचा नाही. कानांत दडे बसू लागताच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. सर्दी असेल तर बुडी नकोच. पावसाळ्यात मालवणात हे सगळं बंद असतं. अंदमानला गेलात तर शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास विमानात बसू नका. परतीचं तिकीट तसंच काढा.