खिळ्यांचा फिल्टर घ्यायचा का?

(ग्रामसंघाच्या बैठकीतील भाषण)



मागच्या बैठकीत विषय निघाला होता, गटाच्या अंतर्गत कर्जातून घरोघरी पाण्याचं मशीन घ्यायचं का. विकणारा सांगतो, सगळे जड धातू निघतात. पण आपल्या पाण्यात ते आहेत का, हे कुणी बघितलंय?

जड धातू म्हणजे शिसं, क्रोमियम. आर्सेनिकही त्यातच धरतात. पाणी नितळ दिसतं, चवीत फरक नसतो. आर्सेनिकचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की कातडीवर डाग पडतात, तळवे खरखरीत होतात. उकळून उपयोग नाही. पाणी आटतं, विष तेवढंच राहतं.

यावर लोखंडाचा उपाय आहे, आणि तो खरा आहे बरं का. खिळा ओला राहिला की गंजतो. त्या गंजाला आर्सेनिक चिकटतं, मग गंजाचे कण वाळूत अडकतात. नेपाळच्या तराईत 'कंचन' नावाचा फिल्टर आहे: वर विटांचे तुकडे, त्याखाली साधारण 5 किलो खिळे, खाली वाळू. आपल्या मुंबईच्या आयआयटीनेही खिळ्यांचा फिल्टर तयार केला, तो पश्चिम बंगालमध्ये बसवला. लोखंडाचे कण जितके बारीक, तितकं काम जास्त. अख्खे हरभरे आणि बेसन, कशाला पाणी पटकन लागतं? तसंच.

पण आपलं नगरकडचं दुखणं वेगळं. आपल्याकडे क्षार आणि खतांमुळे वाढलेलं नायट्रेट. खिळ्यांनी क्षार जात नाहीत, नायट्रेटचाही भरवसा नाही. मग पैसे कशाला घालायचे?

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या 5 महिलांना तपासणी किटचं प्रशिक्षण देतात. त्यात नायट्रेट, फ्लोराइड, क्लोराइड, कडकपणा कळतो. शिसं, क्रोमियम त्या किटमध्ये कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. ज्यांची विहीर कारखान्याच्या नाहीतर सांडपाण्याच्या नाल्याजवळ आहे, त्यांनी नमुना आधी द्यायचा. आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, अहवालात तो आकडा बघा.

आणि कुणी फिल्टर घेतलाच, तर जुने खिळे नि वाळू उकिरड्यावर टाकू नका. उकिरडा शेतात जातो, विष पुन्हा तिथेच.

कर्जाचा ठराव अहवाल आल्यावर घेऊ. विहिरींची यादी सचिवताईंकडे आजच द्या.