हुकूम आणि हंगाम



वसंत व्याख्यानमालेचा पायंडा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात घातला. त्याच रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात बजावले की, परदेशात रचलेले अर्थशास्त्राचे सिद्धांत येथील परिस्थिती न तपासता येथे लावणे चूक होय. भावी सनदी अधिकाऱ्यांना व्यापारनीती कशी शिकवावी, हा आजचा विषय त्याच विचारातून निघतो.

मसुरीच्या अकादमीत वा पुण्याच्या यशदात येणाऱ्या तरुणांना कायदे आणि करार शिकवावेच लागतील. परंतु माझे म्हणणे असे की, पहिला तास आपल्या तालुक्यातील नाणेघाटात घ्यावा. तेथील दगडी रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते. जकात देऊनही व्यापारी पुन्हा घाट चढतो. मात्र दर आधी ठाऊक असेल तरच. वर आल्यावर दर बदललेला दिसला, तर पुढच्या खेपेला तो दुसरी वाट धरील.

दुसरा तास ओतूरच्या कांदा बाजारात घ्यावा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसविले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर ही किमान निर्यातकिंमत ठरविली आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. चार महिन्यांच्या आत तीन हुकूम! डिसेंबरात बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा. उन्हाळी कांद्यासारखा तो चाळीत टिकत नाही. मिळेल त्या भावाने विकावा लागतो. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तोवर त्याचा हंगाम सरला होता.

दुसरी बाजूही तितक्याच कळकळीने शिकविली पाहिजे. कांदा महागला की हातावर पोट असणाऱ्या शहरातील कुटुंबाचे हाल होतात, हे खोटे नाही. त्यांचा कैवार सरकारने घ्यावाच. प्रश्न एवढाच की, त्या कैवाराचा खर्च एकट्या उत्पादकाने का सोसावा? सरकारी साठा वेळेवर बाजारात आणणे, गरजूंना तिजोरीतून साहाय्य देणे, हे मार्गही आहेत.

आपल्या राज्यघटनेत परदेशी व्यापार केंद्राच्या सूचीत आहे; शेती आणि बाजार राज्याच्या सूचीत. म्हणून हुकूम दिल्लीत निघतो आणि रस्ता अडवून बसलेल्या शेतकऱ्यांसमोर उभे राहावे लागते ते जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला. आज जिल्ह्यात असलेला हाच अधिकारी उद्या दिल्लीच्या खुर्चीवर बसणार असतो. तेथे सही करताना त्याला ओतूरचा लिलाव आठवला पाहिजे.

म्हणून परीक्षेत त्याला निर्यातीचा एक हुकूम लिहावयास सांगावा आणि तीनच प्रश्न विचारावेत: याचा भार कोणावर पडेल? हा किती दिवस चालेल? पेरणीपूर्वी शेतकऱ्याला हे कळणार आहे काय? ज्याला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही, त्याचा अभ्यास अपुरा राहिला असे समजावे.