दट्ट्याची निवड



मोटारीचे इंजिन नव्याने बांधावयाचे झाले म्हणजे मालकाची पहिली ओढ असते ती सर्वांत भक्कम पिस्टन घेण्याकडे. आम्हीही एकदा या मोहाला बळी पडलो. महागडे घडीव पिस्टन आणले, आणि थंड इंजिनात त्यांची खडखड नको म्हणून सिलिंडरात साध्या पिस्टनाइतकीच फट ठेवली. पहिल्याच लांब चढावर पिस्टन सिलिंडरात धरला गेला. माल खोटा नव्हता; आमचा हिशेब खोटा होता. तोच हिशेब आज आपणापुढे मांडावयाचा आहे.

पिस्टन म्हणजे सिलिंडरात खालीवर धावणारा दट्ट्या. मिनिटाला 6,000 फेरे घेणाऱ्या इंजिनात तो सेकंदाला 200 वेळा थांबून उलट फिरतो. तेव्हा तो हलका हवा. 1913 साली डब्ल्यू. ओ. बेंटली यांना फ्रान्समधील डी. एफ. पी. मोटारींच्या कारखान्यात टेबलावर ॲल्युमिनियमचे एक पेपरवेट दिसले. त्यावरून त्यांनी 88 भाग ॲल्युमिनियम व 12 भाग तांबे अशा मिश्रधातूचे पिस्टन करविले. पुढे पहिल्या महायुद्धात ही युक्ती विमानांच्या इंजिनांतही गेली.

पण या धातूचा एक गुण असा की, तो बिडाच्या दुप्पट फुगतो. 80 मिलिमीटर व्यासाचा पिस्टन 100 अंश तापला तर सुमारे 0.18 मिलिमीटर वाढतो. बिडाचे सिलिंडर तेवढ्याच उष्णतेने 0.09. शिवाय पिस्टन सिलिंडराहून अधिक तापतो. ही वाढ सामावण्यासाठीच फट ठेवावयाची.

धातूत सिलिकॉन मिसळले की फुगणे कमी होते. म्हणून भरपूर सिलिकॉनच्या ओतीव पिस्टनाला थोडी फट पुरते, आणि तो शांत चालतो. कमी सिलिकॉनचा घडीव पिस्टन घाव अधिक सोसतो. पण त्याला फट मोठी लागते, आणि तापेपर्यंत तो वाजतो. शर्यतीच्या किंवा टर्बोच्या इंजिनाला तो योग्य. रोज कचेरीत जाणाऱ्या गाडीला ओतीवच बरा.

पिस्टनाच्या माथ्याचा आकारही पाहावा. त्यावरही संपीडनाचे प्रमाण ठरते. ते 8 वरून 10 वर नेले तर तेवढ्याच पेट्रोलातून अधिक काम निघते. पण पेट्रोल त्या दर्जाचे नसेल तर इंजिन ठोकू लागते, आणि रिंगांमधल्या कडा फुटतात.

शेवटची गोष्ट मापाची. आधी पिस्टन हाती घ्यावेत, मग त्यांच्या मापाने बोअर करावा. पिस्टन पूर्ण गोल नसतो. म्हणून तो मायक्रोमीटरने खालच्या अंगाला, पिनेशी काटकोनात, कारखान्याने सांगितलेल्या जागी मोजावा. आणि फटही त्याच कारखान्याने सांगितलेली ठेवावी.

तात्पर्य, पिस्टन किती भक्कम हे विचारण्याआधी गाडीला काम काय करावयाचे आहे हे विचारावे. आम्ही ते उशिरा विचारले. आपण आधी विचारावे, एवढीच विनंती.