संडासाची दुरुस्ती : आपला हात कुठवर?
(कामगार शिक्षण वर्गातील भाषण)

आजच्या वर्गाच्या विषयपत्रिकेवर ‘संडास बसविणे व त्याची दुरुस्ती’ हा विषय पाहून काहींना हसू आले असेल. पेन्शन, रिक्त जागा, कंत्राटीकरण हे प्रश्न समोर उभे असताना हे काय काढले, असेही कुणाला वाटले असेल. पण भुसावळ असो, इटारसी असो की सिकंदराबाद, आपल्या रेल्वे कॉलनीत किंवा डाक वसाहतीत घरोघर विचारून पाहा. तुंबलेला संडास आणि रात्रंदिवस वाहणारी फ्लशची टाकी या तक्रारी निघाल्याशिवाय राहत नाहीत. शिवाय निवृत्तीच्या पैशातून गावी घर बांधणारा प्रत्येक जण या कामाशी येऊन ठेपतोच. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. क्वार्टरची देखभाल ही प्रशासनाची जबाबदारी आहे. त्यासाठी आपल्या पगारातून परवाना शुल्क कापले जाते. तेव्हा फुटलेले भांडे, गळणारी मलवाहिनी, भरलेली टाकी याबद्दल लेखी तक्रार करा, तिचा क्रमांक घ्या आणि दाद लागली नाही तर शाखेकडे या. आपण वायसर बदलायला शिकलो म्हणून प्रशासनाची जबाबदारी संपत नाही. पण पाच मिनिटांच्या कामासाठी पाच आठवडे वाट पाहण्यातही काही शहाणपण नाही.

नवे भांडे बसविताना

गावाकडच्या जुन्या घरात बहुधा उकिडवे बसायचे भांडे असते. आई-वडिलांचे गुडघे दुखू लागले, की कमोड बसविण्याचा विचार येतो. तळमजल्यावरच्या स्वतःच्या घरात हे काम हाताने करता येते. वरच्या मजल्यावर किंवा क्वार्टरमध्ये मात्र फरशी फोडू नका. खालची पाणीरोधक थर फुटली की शेजाऱ्याच्या छतातून पाणी टपकू लागते, आणि क्वार्टरमधल्या बदलाला लेखी परवानगी लागते.

कमोड विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. मैल्याचा पाईप जमिनीत उतरतो की मागच्या भिंतीत जातो? जमिनीत उतरत असेल तर ‘एस ट्रॅप’चा कमोड लागतो, भिंतीत जात असेल तर ‘पी ट्रॅप’चा. एस ट्रॅप असेल तर मागच्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. हे माप भिंतीवर टाइल लावल्यानंतरचे धरा. उघड्या विटेपासून मोजले तर कमोड भोकावर येत नाही, आणि दुकानदार उघडलेला माल सहसा परत घेत नाही.

आता या कामातली सर्वांत मोठी चूक सांगतो. जुन्या भांड्याखाली मडक्यासारखा वाकडा ट्रॅप पुरलेला असतो. त्यात पाणी साचून राहते आणि खालचा वास वर येत नाही. कमोडच्या पोटातही असाच ट्रॅप असतो. जुना ट्रॅप न काढता त्याच्यावरच कमोड बसविला, तर दोन पाण्यांच्या मध्ये हवा कोंडते आणि मैला नीट पुढे सरकत नाही. मग घरमालक दुकानदाराला दोष देतो, दुकानदार गवंड्याला. म्हणून जुने भांडे काढताना त्याचा ट्रॅपही काढा आणि सरळ पाईप वर आणा.

बसविण्याचा क्रम असा. जागा स्वच्छ व कोरडी करा. कमोड नुसता ठेवून स्क्रूच्या भोकांच्या खुणा करा. तो उचलून खुणांवर ड्रिलने भोके पाडा आणि त्यांत गिट्ट्या बसवा. पाईपच्या तोंडावर रबरी किंवा मेणाची रिंग बसवा, मग कमोड सरळ खाली टेकवा. पाणसळ लावून आडवी व उभी पातळी पाहा. स्क्रू एकदा डावा, एकदा उजवा असे थोडे थोडे आवळा. जोर लावला तर चिनी माती तडकते आणि ती पुन्हा जुळत नाही.

मग टाकी जोडा, अँगल कॉकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. टेप आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळायची, नाहीतर घट्ट करताना ती सुटून येते. पाच-सहा वेळा पाणी सोडून बुडाशी कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला नाही, तरच कडेने पांढरे सिमेंट भरा. मागच्या बाजूला बोटभर जागा मोकळी ठेवा, म्हणजे पुढे कधी गळती झाली तर ती दिसेल. कमोड जाड सिमेंटात गाडू नका. उद्या काढायची वेळ आली तर तो फोडावाच लागतो. एक दिवस सिमेंट वाळू द्या, मग वापर सुरू करा.

रोजच्या तक्रारी

पहिली तक्रार, टाकी वाहत राहते. टाकीचे झाकण काढून पाहा. पाणी आतल्या उभ्या नळीच्या तोंडावरून सांडत असेल तर फुगा वर राहतो आहे. त्याचा स्क्रू फिरवून पाण्याची पातळी नळीच्या तोंडाखाली इंचभर आणा. पाणी सांडत नाही, तरी भांड्यात झिरपते आहे अशी शंका असेल, तर कपड्याला घालायची नीळ टाकीत टाका आणि वीस मिनिटे फ्लश करू नका. भांड्यातले पाणी निळे झाले, तर तळाचे रबर गेले आहे. अँगल कॉक बंद करा, टाकी रिकामी करा, जुने रबर नमुना म्हणून दुकानात न्या आणि तसेच नवे आणून बसवा. एवढीशी गळती किती असते, याचा हिशेब करून पाहा. पाच मिनिटांत एक लिटरची बाटली भरत असेल, तर दिवसाला २८८ लिटर पाणी वाया जाते. नळाला दिवसातून तासभर पाणी येणाऱ्या वसाहतीत हे परवडणारे नाही.

दुसरी तक्रार, भांडे तुंबते. प्रथम फ्लश करणे थांबवा. रबरी पंप भांड्याच्या तोंडावर पाण्याखाली धरून दहा-पंधरा वेळा जोराने दाबा आणि ओढा. त्याने न सुटल्यास लवचीक स्प्रिंगची तार घाला. तरीही सुटले नाही तर अ‍ॅसिडची बाटली उचलू नका. अ‍ॅसिडने कापड, प्लॅस्टिक वा सॅनिटरी पॅड विरघळत नाही, आणि सेप्टिक टाकीत मैला कुजविणारे जंतू मात्र मरतात. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू निघतो. बंद संडासात तो जीवघेणा ठरू शकतो.

तिसरी तक्रार, वास येतो. महिनाभर रजेवर जाऊन आलात आणि घरात दुर्गंधी असेल, तर ट्रॅपमधले पाणी सुकले आहे. बादलीभर पाणी ओता, काम झाले. रोजच्या वापरातही वास येत असेल आणि फ्लश करताना न्हाणीघराच्या जाळीतून गुडगुड आवाज होत असेल, तर वायुनळी नाही किंवा बुजली आहे. ही नळी छताच्या वर न्यावी आणि तिच्या तोंडाला डासांची जाळी बांधावी.

चौथी तक्रार, कमोडच्या बुडाशी पाणी साचते. आधी टाकीचे सांधे व जोडनळी हाताने चाचपून पाहा. ती कोरडी असतील आणि फ्लश केल्यावरच पाणी येत असेल, तर खालची रिंग गेली आहे. कमोड उचलून नवी रिंग घालावी लागेल.

पाचवी तक्रार महत्त्वाची आहे. संडास, न्हाणी आणि मोरी या तिन्हींचे पाणी एकदमच हळू जाऊ लागले, तर दोष भांड्यात नाही. पुढची वाहिनी तुंबली आहे किंवा सेप्टिक टाकी भरली आहे.

इथे हात थांबवा

बंधू-भगिनींनो, इथवरची कामे आपण स्वतः करा, मुलामुलींना शिकवा. पण टाकीचे झाकण ही आपली सीमा. तिच्या आत स्वतः उतरू नका आणि दुसऱ्या कुणाला उतरवू नका.

बंद टाकीत प्राणवायू कमी असतो. तिथे मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. माणसाला वाटते वास गेला, धोका टळला. आणि तो दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत दोन-तीन माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो, त्याचे कारण हेच. काडी ओढून वायूची परीक्षा घेणेही तितकेच घातक आहे, कारण मिथेन पेट घेतो.

कायदाही स्पष्ट आहे. १९९३ च्या कायद्याने कोरड्या संडासांवर आणि हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी आणली. २०१३ च्या कायद्याने गटार व सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई कुणाकडूनही करून घेणे हा गुन्हा ठरविला. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा नगरपालिकेला लागू आहे, ठेकेदाराला लागू आहे, तसाच घरमालकालाही लागू आहे. अशा मृत्यूंबद्दल कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख करण्यात आली. पाचशे-हजार रुपये देऊन नाक्यावरचा माणूस बोलाविताना हे आठवावे. त्याच्या घरीही लहान मुले आहेत आणि तोही कामगारच आहे.

हे काम एका विशिष्ट जातीच्या माणसांनीच करायचे, ही समजूत आपल्या मनातून अजून गेलेली नाही. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धनांनी, सफाईचे काम आम्हालाही करू द्या, या मागणीसाठी उपवास आरंभला. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांना पाठिंबा म्हणून अन्न सोडले. पुढे आप्पासाहेबांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. आपल्या ट्रॅकमन बांधवांनी तर धावत्या गाडीतून रुळांवर पडणारी घाण वर्षानुवर्षे अंगावर झेलली. डब्यांना जैव-शौचालये बसल्यावर तो त्रास कमी झाला. म्हणजे रचना बदलली की माणसाची विटंबना थांबते.

घरासाठीही तशी रचना आहे. गावी नवे बांधत असाल आणि जमीन पाणी मुरणारी असेल, तर दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधा. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो भरला की चेंबरमधून पाणी दुसऱ्यात वळवायचे. पहिला दोन वर्षे बंद ठेवला की आतल्या मैल्याचे कोरडे, बिनवासाचे खत होते आणि ते फावड्याने काढून शेतात टाकता येते. खड्डे विहिरीपासून दहा मीटरच्या आत नसावेत आणि दोन खड्ड्यांत किमान एक मीटर अंतर असावे. सेप्टिक टाकीच बांधायची असेल, तर शोषक यंत्राची गाडी जवळ येऊ शकेल अशा जागी बांधा आणि दर दोन-तीन वर्षांनी ती यंत्राने उपसून घ्या. भरून वाहण्याची वाट पाहू नका.

आता शाखांना आमचे सांगणे. प्रत्येक वसाहतीत शाखेने एक हत्यारपेटी ठेवावी : पान्हा, पाणसळ, रबरी पंप, स्प्रिंगची तार, टेफ्लॉन टेप, दोन-चार मापांची रबरे. ज्यांना काम येते त्यांनी इतरांना शिकवावे. त्यात महिलांनी पुढे यावे. आणि शाखेच्या पुढील सभेत ठराव करून प्रशासनाला लेखी विचारावे : आमच्या वसाहतीची टाकी शेवटची कधी उपसली, कोणत्या यंत्राने, आणि ठेकेदाराने माणूस आत उतरविला होता काय? उत्तर आले नाही तर हा प्रश्न प्रशासनाबरोबरच्या बैठकीत घ्यावा. आपल्या घरचे पाणी सुरळीत वाहावे म्हणून कुणाचा श्वास थांबता कामा नये, एवढी खबरदारी संघटित कामगाराने घेतलीच पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!