घरची बेगमी

बुऱ्हाणपूरहून धारणीकडे जाणाऱ्या वाटेवर, खकनार तहसिलीत देडतलाई हे गाव आहे. भोवती सातपुड्याचे डोंगर, जवळच महाराष्ट्राची सीमा आणि पलीकडे मेळघाटचे अरण्य. या पट्ट्यात मृगापूर्वीच्या दिवसांत घराघरांतून एकच लगबग चालत आली आहे. धान्याला ऊन दाखवायचे, निंबाचा पाला घालून ते कणगीत भरायचे, तुरीला एरंडेल चोळायचे, कुरड्या-शेवया वाळवायच्या, सरपण आडोशाला रचायचे. कोरकू घरांत वाळलेली मोहाची फुले आणि वर्षानुवर्षे टिकणारी कुटकी यांचीही सोय लावलेली असते. या सर्व खटाटोपाला मराठीत एक नेमका शब्द आहे: बेगमी.

बेगमी ही भीतीपोटी केलेली धावपळ नव्हे. हाताशी वेळ आहे, बाजारात माल आहे, आभाळ निरभ्र आहे, अशा वेळी शांत चित्ताने केलेली ती तरतूद आहे. आजवर घरोघरी ती केली गेली पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी. कारण ते संकट ओळखीचे होते व ठरल्या वेळी येत होते. परंतु सगळीच संकटे पंचांग पाहून येत नाहीत.

ही गोष्ट बुऱ्हाणपूरच्या परिसराला तरी नवी नाही. इ. स. १६३० ते १६३२ या काळात गुजरात व दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. शहाजहान बादशहाचा मुक्काम त्या वेळी बुऱ्हाणपुरासच होता. त्याने लंगरखाने उघडले. दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटल्याची नोंद ‘बादशाहनाम्या’त आहे. तरीही सुरतेहून बुऱ्हाणपुराकडे आलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला वाटेवर जागोजाग प्रेते पडलेली दिसली. राजाचा खजिना भरलेला होता. पण रुपया शिजवून खाता येत नाही.

याच शहराने त्यापूर्वी सुमारे पंधरा वर्षे दुसरे एक काम केले होते. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पाणी भुयारातून शहराकडे आणणारा कुंडी भंडारा बांधला गेला. शंभरावर कुंड्यांना जोडणाऱ्या त्या भुयारातून आजही पाणी वाहते. संकट आल्यानंतर केलेला दानधर्म इतिहासाच्या पानांत उरला. संकटापूर्वी केलेली बेगमी अजून लोकांची तहान भागवीत आहे.

अलीकडचाच दाखला घ्यावयाचा तर २४ मार्च २०२० च्या रात्रीचा घ्यावा. रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून एकवीस दिवस देश बंद झाला. दुकानांपुढे झुंबड उडाली. पुढे राज्यांच्या सीमांवर नाकी बसली. ज्या गावाचे सोयरेधायरे, बाजार आणि मजुरी सीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेली आहेत, त्या गावाला नकाशावरची रेघ ही किती उंच भिंत होऊ शकते, हे तेव्हा कळून चुकले.

मग घराने नेमके काय करावे? प्रथम पाणी. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज चार लिटर धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबास तीन दिवसांकरिता साठ लिटर लागते. मोठ्या चार-पाच घागरी झाकून ठेवल्या की काम भागते. पाण्याविषयी शंका असल्यास ते खळखळ उकळावे. दुसरे, दोन आठवडे पुरेल इतके धान्य, डाळ, मीठ, गूळ आणि घरातल्या आजाऱ्याचे नित्याचे औषध. जुने आधी वापरावे, नवे मागे ठेवावे. म्हणजे काही वाया जात नाही. जुलाबाने मूल कोमेजले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट पाजावे आणि दवाखाना गाठावा. चमचा चहाचाच असावा.

तिसरे, कागद. शिधापत्रिका, आधारपत्र, जमिनीच्या खसऱ्याची नक्कल, बँकेचे पुस्तक हे सर्व एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सर्वांना ठाऊक असलेल्या जागी असावे. त्यातच थोड्या सुट्या नोटा आणि नातलगांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद ठेवावा. मोबाईल मुका झाला की त्यातले सगळे क्रमांकही मुके होतात. विजेरी, काड्यापेटी, सेलवर चालणारा रेडिओ यांना एकच ठराविक कोनाडा द्यावा. ११२ हा क्रमांक घरातल्या लहान मुलालाही पाठ असावा. आणि म्हातारीला कोणी उचलायचे, तान्ह्याला कोणी घ्यायचे, गोठ्यातली दावी कोणी सोडायची, हे आधीच ठरलेले असावे. पुराच्या रात्री विचारविनिमयाला सवड नसते.

येथवर सारे सोपे आहे. अवघड प्रश्न पुढेच आहे. ज्याची चूल संध्याकाळच्या मजुरीवर पेटते, त्याने दोन आठवड्यांचे धान्य कोठून आणावे? १९९३ च्या सुमारास मेळघाटातील बालमृत्यूंकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले गेले. पावसाळ्यात नाले भरतात, वाटा तुटतात, मजुरी थांबते. त्या महिन्यांत रिकाम्या कणगीची किंमत सर्वांत आधी लेकरे मोजतात. अशा घराला बेगमीचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे होय.

म्हणूनच घराची बेगमी घराच्या उंबरठ्यावर संपत नाही. १९९६-९७ साली केंद्र शासनाने आदिवासी गावांसाठी ग्राम धान्यबँकेची योजना काढली. अडचणीत धान्य उसने न्यावे, सुगीत परत आणून घालावे, हे तिचे तत्त्व. त्यासाठी शासनाचीच वाट पाहावी असे नाही. प्रत्येक घराने रोज दळणातून पन्नास ग्रॅमची एक मूठ बाजूला काढली, तर वर्षाकाठी एका घराचे अठरा किलो होतात. पन्नास घरांचे नऊ क्विंटल झाले. आळीच्या एका कोठीत ते धान्य असेल, तर कोणाच्याही दारी हात पसरण्याची वेळ येणार नाही. कारण मागणाऱ्याचीही मूठ तीत पडलेली असेल.

बेगमी आणि साठेबाजी यांतला भेद येथेच आहे. टंचाईची कुणकुण लागताच दुसऱ्याच्या वाट्याचे उचलून घर भरतो तो साठेबाज. सुबत्तेच्या दिवसांत मोजून ठेवतो, आणि ठेवताना शेजाऱ्याचेही माप धरतो, तो खरा संसारी. संकटाच्या रात्री भरलेली कणगी कामास येतेच. परंतु मदतीला धावून येतो तो शेजारी, आणि तोही आधीच जोडून ठेवावा लागतो.