न बांधलेल्या इमारतींचा चित्रकार

घर बांधू इच्छिणाऱ्या गृहस्थापुढे वास्तुशिल्पी नकाशा उलगडतो, तेव्हा तो मान डोलावतो खरा. परंतु त्या रेघांत त्याला ना जिना दिसतो, ना ओसरीवरची सावली. जी इमारत अद्याप उभी नाही ती उभी असल्यासारखी दाखविणारा तिसरा माणूस तेथे लागतो. केवळ अशी चित्रे काढून स्वतंत्रपणे पोट भरावयाचे, तर आरंभ कोठून करावा? ह्यू फेरिस या अमेरिकन चित्रकाराचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे.

फेरिसचा जन्म सेंट लुइस शहरी 1889 साली झाला. तेथेच 1911 मध्ये वास्तुशास्त्राची पदवी घेऊन तो न्यूयॉर्कला गेला व कॅस गिल्बर्ट यांच्या कचेरीत आरेखक म्हणून राहिला. 1913 मध्ये पुरी झालेली 792 फूट उंचीची वुलवर्थ इमारत ती याच गिल्बर्ट यांची. अशी कचेरी सोडून 1915 मध्ये त्याने स्वतंत्र धंदा मांडला, आणि तोही धन्याच्या संमतीने! ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. या धंद्यात गिऱ्हाईक म्हणजे वास्तुशिल्पीच. भांडून बाहेर पडलेल्याची शिफारस कोण करणार? त्याची पत्नी डोरोथी लॅफम हीदेखील चित्रकार होती व ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकात काम करी. घरात दुसरी मिळकत असणे हे नवख्याचे मोठेच भांडवल होय.

नुसत्या कौशल्यावर निभाव लागत नाही, याचा दाखला त्यापूर्वी शंभर वर्षे लंडनमध्ये मिळाला होता. सर जॉन सोन यांच्या इमारतींची अलौकिक जलरंगचित्रे काढणारा जोसेफ गँडी कर्जापायी दोनदा तुरुंगात गेला आणि 1843 साली वेड्यांच्या इस्पितळात वारला.

फेरिसला मात्र काळाने एक प्रश्न आणून दिला. 1915 मध्ये न्यूयॉर्कला एकरभरही नसलेल्या जागेवर 38 मजल्यांची इक्विटेबल इमारत सरळसोट उभी राहिली व भोवतालचे रस्ते अंधारले. पुढच्याच वर्षी शहराने कायदा केला: ठराविक उंचीनंतर भिंत मागे सरलीच पाहिजे, जागेच्या चौथ्या हिश्शावर मात्र मनोरा हवा तितका उंच चढवावा. कायदा झाला, पण तो शब्दांत आणि आकड्यांत. त्यातून इमारतीला रूप कोणते येणार?

1922 मध्ये वास्तुशिल्पी हार्वे विली कॉर्बेट यांनी ते रूप काढण्यास फेरिसला सांगितले. त्याने चार चित्रे केली. पहिल्यात कायदा जेवढे बांधू देतो तेवढा एकच अवाढव्य डोंगर. दुसऱ्यात उजेडासाठी त्याला पाडलेल्या खाचा. तिसऱ्यात उतारांच्या झालेल्या पायऱ्या. आणि चौथ्यात बांधता येईल अशी इमारत. खिडक्या मोजीत न बसता काळ्या पेन्सिलीने व कोळशाने त्याने इमारतीचा पिंडच दाखविला. वकिलाला जे शब्दांत सापडले नव्हते ते गवंड्यालाही कळावे असे कागदावर आले. हे काम निव्वळ हातवळणाचे नव्हते. बांधकाम जाणणाऱ्याचे होते. 1929 साली ‘द मेट्रोपोलिस ऑफ टुमारो’ हे त्याचे पुस्तक निघाले. स्वतः मात्र त्याने नाव घेण्याजोगी एकही इमारत बांधली नाही.

एक शंका मनात येतेच. फेरिसचे पुष्कळ मनोरे रात्रीच्या झोतात किंवा धुक्यात उभे असतात. धुके देखणे खरे, पण शेजारची गैरसोयीची चाळ झाकण्यासही तेच उपयोगी! आज संगणकावर हवे तेव्हा ऊन पाडता येते, रोप न लावता वटवृक्ष उभा करता येतो, आणि त्या चित्रावर भरवसून एखादे कुटुंब आयुष्याची पुंजी बयाणा म्हणून मोजून देते. पैसे देतो बांधणारा, फसतो पाहणारा. चित्रकार दोघांच्या मध्ये उभा.

म्हणून नवशिक्याने पहिला अभ्यास गावातल्या उभ्या इमारतीवरच करावा. तिचा नकाशा मिळवावा, इमारतीकडे न पाहता नकाशावरून चित्र काढावे, मग ते घेऊन त्याच जागी, त्याच वेळच्या उन्हात जाऊन उभे राहावे आणि रस्ता आपण किती हात रुंद काढला ते मोजावे.