पदविकेचा मान

विद्यार्थी बंधुभगिनींनो,

दहावीनंतर तीन वर्षांचा, सहा सत्रांचा संगणक अभियांत्रिकीचा पदविका अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना ‘मग डिग्रीला कधी जाणार?’ हा प्रश्न घरीदारी ऐकावा लागतो. आणि पदवीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश मिळण्याची सोय असल्यामुळे, पदविका म्हणजे पदवीच्या वाड्याची केवळ देवडी होय, असा समज रूढ झाला आहे. तो मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे तुमच्याच पाठ्यक्रमातील एका उदाहरणाने सांगतो.

बायनरी सर्च तुम्ही सर्वजण शिकता. क्रमवार लावलेल्या यादीचा मध्य पाहावा, हवे ते नाव त्याच्या अलीकडे की पलीकडे हे ठरवून निम्मी यादी बाजूस सारावी, आणि उरलेल्या निम्म्याचे पुन्हा तसेच करावे, की हजार खातेदारांच्या यादीत फार तर १० आणि दहा लाखांच्या यादीत फार तर २० तुलनांत निकाल लागतो. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या या सुबोध रीतीत चूक ती काय राहणार, असे कोणालाही वाटावे. परंतु जावा भाषेसोबत जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रमाण लायब्ररीतच तिच्या लेखनात एक दोष कित्येक वर्षे दडून होता, हे २००६ साली उघडकीस आले. मध्य काढण्यासाठी दोन्ही टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला दोनाने भागले जाई. यादी प्रचंड असली म्हणजे ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ ही ३२ बिटांची कमाल मर्यादा ओलांडून ऋण होई, आणि प्रोग्राम कोलमडे. दोन टोकांमधील अंतराचे निम्मे खालच्या टोकात मिळवले, की तो दोष नाहीसा होतो.

असे दोष हेरण्याची दृष्टी येते ती जर्नलच्या पानावर तीन रकाने आखून, प्रत्येक फेरीत खालचे टोक, वरचे टोक आणि मध्य यांच्या किमती स्वहस्ते मांडून केलेल्या ड्राय रनने. सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राच्या जर्नलवरून उतरवून काढलेल्या पानांनी ती कदापि येत नाही. हा हाताचा आणि बुद्धीचा संयुक्त अभ्यास हेच पदविकेचे खरे वैभव आहे, आणि ते पदवीच्या उंबरठ्यावर उतरवून ठेवावयाचे ओझे नव्हे.

आज सातबारा आणि फेरफार तलाठ्याच्या दप्तरातून संगणकात आले आहेत. पीककर्जासाठी उतारा काढावयास आलेल्या खातेदाराचे नाव यादीत असूनही सापडले नाही, तर त्याचा दिवस बुडतो, कदाचित पेरणीचा हंगामही हुकतो. आणि तो प्रोग्राम लिहिणाऱ्याचे शिक्षण कोणते, हुद्दा कोणता, याच्याशी त्या गृहस्थाला काहीएक कर्तव्य नसते. त्याचे नाव बिनचूक सापडावे, एवढाच त्याचा न्याय्य हक्क आहे, आणि त्या हक्काची जामिनकी तुमच्याकडे आहे.

ज्यांना पदवीस जावयाचे आहे त्यांनी अवश्य जावे, ज्यांना नोकरी पत्करावयाची आहे त्यांनी ताठ मानेने पत्करावी. परंतु आपल्या हातून गेलेली प्रत्येक ओळ आपण स्वतः तपासली आहे, असे निःशंकपणे सांगण्याचे सामर्थ्य दोघांनीही येथूनच घेऊन जावे.